कॉफीचा इतिहास घरी करून प्यायचा असेल तर: एक रविवार, पाच कप

रविवारी सकाळी साडेआठला सुरू केलंत तर साडेअकरापर्यंत पाचही कप होतात. माणसं चारच बोलवा, सहा बोलावलीत तर तुम्ही नुसते ओट्याशी उभे राहाल आणि गप्पा सगळ्या बाहेरच्या खोलीत होतील. येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की पोहे-बिहे खाऊन या, कारण रिकाम्या पोटी पाच तऱ्हेच्या कॉफ्या म्हणजे दुपारी हात थरथरतात, स्वानुभव आहे.

आयडिया अगदी साधी आहे. कॉफी इथिओपियातून निघाली, लाल समुद्र ओलांडून येमेनला गेली, तिथून इस्तंबूल, आणि येमेनमधूनच आपल्या पश्चिम किनाऱ्यामागच्या डोंगरात आली, आणि मग आपल्याकडून (हो, आपल्याकडून, ते पुढे येईल) जावामार्गे उरलेल्या जगात. प्रत्येक मुक्कामावर लोकांनी ती आपल्या भांड्यात, आपल्या सवयीने केली. तर त्याच क्रमाने आपण करायची, आणि पाणी उकळेपर्यंत, डिकॉक्शन उतरेपर्यंत जो वेळ मोकळा मिळतो त्यात त्या त्या मुक्कामाची गोष्ट सांगायची. सनावळ्या वाचून माझ्या कधीच लक्षात राहिल्या नाहीत पण १५११ म्हटलं की आता जिभेवर आल्याची चव येते, तर उपयोग होतो एवढं खरं.

सामान

हिरवे कच्चे दाणे २०० ग्रॅम, अरेबिका जातीचे. चिकमगळूर, कोडगूचे एस्टेटवाले ऑनलाइन विकतात, "ग्रीन बीन्स" म्हणून शोधा. तिथेच "कास्कारा" म्हणून कॉफीच्या फळाची वाळवलेली सालं मिळतात, ती ५० ग्रॅम पुष्कळ झाली. फिल्टर कॉफीची पावडर २०० ग्रॅम, ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरीवाली. एक लिटर फुल फॅट दूध, आलं, वेलची, साखर, आणि एक चांगलं जड जायफळ, हलकं पोकळ लागलं तर घेऊ नका. मक्याचे लाह्यांचे दाणे मूठभर, का ते सांगतो.

भांडी बहुतेक घरात असतातच. लोखंडी कढई, सूप, खलबत्ता, मिक्सरचं चटणीचं भांडं, मैद्याची चाळणी, स्टीलचा किंवा पितळी साउथ इंडियन फिल्टर. तुर्की कॉफीला लांब दांड्याचं छोटं तांब्याचं भांडं लागतं, ते नसेल तर फोडणीचं कढलं चालतं, आकार जवळपास तोच आहे. फक्त कृपा करून नवं कढलं घ्या. मी पहिल्यांदा घरातलंच घेतलं होतं, चिंचेने घासलं, लिंबाने घासलं, वास घेतला तर काही नाही, आणि कॉफी तापल्यावर त्यातून जो हिंगाचा वास उठला तो आलेल्या चौघांपैकी कोणीही अजून विसरलेलं नाही.

पहिला कप, कढई आणि खलबत्ता

इथिओपियात कॉफी घरी पाहुणा आला की त्याच्यासमोर भाजतात, दळतात आणि उकळतात, पूर्वीपासून, आजही. तिला तिथे बुना म्हणतात. अरबी लोक दाण्याला बुन्न म्हणतात. आणि आपल्या जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला बुंद म्हणायचे, म्हणजे इंग्रजांच्या कॉफीच्या आधी अरबांचा शब्द आपल्याकडे पोचलेला होता. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

१०० ग्रॅम दाणे घ्या. खडे, काळे दाणे वेचून काढा. कढई मध्यम आचेवर चांगली तापू द्या, पंखा बंद करा, खिडकी उघडा, आणि दाणे टाकले की हात थांबवायचा नाही, शेंगदाणे भाजताना आपण जरा फोनकडे बघतो तेवढंही चालत नाही, एका बाजूला करपून दुसरी बाजू हिरवी राहते. चार-पाच मिनिटांत दाणे पिवळे पडतात आणि वाळलेल्या गवतासारखा वास येतो. इथे लोकांचा विश्वास उडतो कारण कॉफीचा वास अजिबात येत नसतो. मग रंग बदामी होतो, धूर सुरू होतो, दाण्यावरचं पातळ टरफल सुटून उडायला लागतं, आणि आठ-दहा मिनिटांच्या आसपास तडतड सुरू होते, लाह्या फुटतात तसा आवाज, फक्त दाणा उडत नाही. याला फर्स्ट क्रॅक म्हणतात. तडतड थांबत आली की आणखी अर्धा मिनिट आणि लगेच सुपात ओता. कढईत ठेवलेत तर कढईच्या उष्णतेने भाजत राहतील.

आता ते सूप घेऊन गॅलरीत जा आणि पाखडा. टरफलं उडून जातात, दाणे गार होतात, एकाच कामात दोन कामं. (पंखा बंद करा म्हटलं ते ऐकलं नाहीत तर ती टरफलं आठवडाभर देव्हाऱ्यात, मिक्सरखाली, फ्रीजच्या मागे सापडत राहतात.) इथिओपियन बायकासुद्धा भाजलेल्या दाण्यांचं भांडं पाहुण्यांच्या नाकापुढून फिरवून आणतात, तुम्हीही फिरवा.

निम्मे दाणे खलबत्त्यात जाडसर कुटा, रव्यापेक्षा बारीक नको. अर्धा लिटर पाणी उकळा, त्यात मोठे चार चमचे कूट घालून दोन मिनिटं उकळू द्या, गॅस बंद करून झाकण ठेवा, पाच मिनिटांत चोथा तळाला बसतो, मग हात न हलवता हळू ओता. तिकडे जेबेना नावाच्या मातीच्या सुरईसारख्या भांड्यात हे करतात, चोथा त्याच्या पोटात बसतो. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून दुसरा आणि तिसरा घाणा काढतात, पहिला अबोल, दुसरा तोना, तिसरा बरका. बरका म्हणजे बरकत, शब्द तोच. पाहुण्याने तिसरा न घेता उठणं बरं दिसत नाही. आपल्याला पुढे चार कप करायचेत म्हणून एकच घाणा पुरे. आणि सोबत लाह्या द्या, मक्याच्याच, तिकडे बुनाबरोबर त्याच देतात. जमलं तर ऊदही लावतात तिकडे, आपल्याकडे धूप चालेल.

चोथा बसेपर्यंतच्या पाच मिनिटांत शेळ्यांची गोष्ट कोणीतरी काढणारच, की काल्दी नावाचा गुराखी होता आणि त्याच्या शेळ्या लाल फळं खाऊन नाचायला लागल्या वगैरे. ऐकायला छान आहे. पण ही गोष्ट पहिल्यांदा कागदावर आली १६७१ मध्ये, रोममध्ये, फाउस्तुस नैरोन नावाच्या प्राध्यापकाच्या लॅटिन पुस्तकात, तोपर्यंत येमेनमध्ये लोक दोनशे वर्षं कॉफी पीत होते, आणि त्यात काल्दी हे नावसुद्धा नाही, ते कोणीतरी नंतर चिकटवलं. नक्की एवढंच की अरेबिकाचं झाड नैऋत्य इथिओपियाच्या डोंगरी जंगलातलं, दोन रानटी जातींच्या नैसर्गिक संकरातून झालेलं, आणि तिथे ते अजूनही जंगलात आपोआप उगवतं. शेळ्या माफ.

दुसरा कप, सालांचा

हा सगळ्यात सोपा. चार मोठे चमचे कास्कारा, पाऊण लिटर पाणी, बोटभर आलं ठेचून, चवीपुरती साखर, मंद आचेवर दहा मिनिटं उकळा आणि गाळा. रंग पातळ चहासारखा, चव चिंच-खजुराच्या मधली काहीतरी. येमेनमध्ये याला किश्र म्हणतात आणि ते लोक आजही भरपूर पितात, चांगला दाणा विकायला आणि साल घरी, शेतकऱ्याचं गणित सगळीकडे सारखंच. आलं मात्र हात सैल सोडून घाला, नाहीतर नुसतं गोड पाणी लागतं. घरात पोरंटोरं असतील तर त्यांना घोटभर चाखायला देऊन गप्प करायला हाच कप बरा, यातही कॅफीन असतं पण दाण्यांच्या कॉफीपेक्षा कमी.

उकळतंय तोवर येमेन. पंधराव्या शतकात तिथले सूफी रात्रीच्या जिक्रला, म्हणजे नामस्मरणाला, झोप येऊ नये म्हणून कॉफी प्यायचे, पक्का पुरावा असलेली कॉफीची सुरुवात हीच. तिला ते कहवा म्हणायचे, आणि कहवा हा शब्द अरबीत आधी दारूला वापरायचे, त्यामुळे पुढे जो घोळ झाला तो होणारच होता. १५११ मध्ये मक्केत खैर बेग नावाच्या अधिकाऱ्याने मशिदीजवळ रात्री काही लोकांना घोळक्याने कॉफी पिताना पकडलं, मौलवी बोलावले, वैद्य बोलावले, त्यांच्याकडून हे पेय वाईट असं वदवून घेतलं आणि बंदी घातली. पण त्याचा वरचा साहेब कैरोतला सुलतान, आणि कैरोतही लोक कॉफी प्यायला लागलेच होते, त्यामुळे तिथून बंदी ढिली करायचा हुकूम आला. आपल्या हाताखालच्या माणसाने आपल्याच आवडीच्या गोष्टीवर बंदी घातल्यावर साहेब काय करतो ते ऑफिसात बसणाऱ्या कोणालाही समजावून सांगायला लागत नाही.

पुढची जवळजवळ दोनशे वर्षं जगाला कॉफी पुरवणारं बंदर एकच होतं म्हटलं तरी चालेल, मोखा. तुमच्या कॅफेतल्या मोका कॉफीत चॉकलेट असतं, पण नाव या बंदराचं आहे. आणि मोख्यात दलाली करायला बसलेले व्यापारी बरेचसे गुजरातचे बनिया होते. सुरतेहून हाजच्या वाटेवर आणि कापड घेऊन जहाजं तिकडे जायचीच, येताना कॉफी यायची. जहांगिराच्या काळात इंग्रज राजदूत टॉमस रो याच्याबरोबर आलेला पाद्री एडवर्ड टेरी याने हिंदुस्थानात दारू न पिणारे लोक हे काळं उकळलेलं पाणी पितात असं लिहून ठेवलंय. म्हणजे लंडनमध्ये कॉफीचं पहिलं दुकान १६५२ ला निघालं त्याच्या कितीतरी आधी सुरतेत ती माहीत होती.

तिसऱ्याच्या आधी चौथ्याची तयारी

तुर्की कॉफीला हात घालायच्या आधी फिल्टर लावून ठेवा, हे विसरलात तर नंतर सगळे मोकळ्या पेल्याकडे बघत बसतात. वरच्या भांड्यात पाच मोठे चमचे शिगेचे पावडर, आतल्या दांड्याच्या चकतीने अगदी हलकं दाबायचं, चकती तशीच वर ठेवायची आणि उकळी येऊन जरा शांत झालेलं पाणी साधारण २०० मिली गोल गोल फिरवत ओतायचं, झाकण लावायचं आणि विसरायचं. अर्धा-पाऊण तास. जोरात दाबलंत तर थेंब पडणारच नाही. पडत नसेल तर चकती जरा उचला, फिल्टरला वरून टिचकी मारा, सुटतं. वरून ढवळायचं मात्र नाही, ढवळलं की गाळ खाली येतो.

तिसरा कप, कढल्यातला

भाजलेल्यातले उरलेले दाणे मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलंत तर भांडं तापून वास उडतो. मग मैद्याच्या चाळणीने चाळा, वर राहिलेलं परत फिरवा. पिठीसाखरेइतकी बारीक झाली पाहिजे, बोटांत चोळली तर कण लागता कामा नये, यात आळस केला तर दातात येते.

एका छोट्या कपाला ६५ मिली गार पाणी, शिगेचे दोन चहाचे चमचे कॉफी, एक चमचा साखर. साखर आत्ताच, नंतर नाही, कारण नंतर ढवळायचं नसतं. गार असतानाच नीट ढवळा आणि सगळ्यात बारीक गॅसवर ठेवा. तीन-चार मिनिटं काहीच होत नाही. मग कडेने गडद फेस गोळा होतो, मध्ये एक भोक राहतं, ते भोक लहान लहान होत जातं, आणि ते मिटायला आलं की भांडं उचलायचंच, त्यानंतर दोन सेकंदही मिळत नाहीत, सगळं शेगडीवर. चमच्याने थोडा थोडा फेस कपांत घाला, भांडं परत गॅसवर ठेवा, दुसऱ्यांदा वर आलं की हळू ओता. दोन मिनिटं गाळ बसू द्या. सोबत पाण्याचा ग्लास. तळाचा चिखल प्यायचा नाही. तिकडे कप बशीवर उपडा करून, गाळाचे ओघळ बघून भविष्य सांगतात, आमच्याकडे वहिनीने सगळ्यांचं सांगितलं, सगळ्यांना परदेशगमन निघालं.

इस्तंबूलला कॉफीखाने आले १५५४-५५ च्या सुमारास. पेचेवी नावाच्या उस्मानी इतिहासकाराने लिहिलंय की अलेप्पोचा हकम आणि दमास्कसचा शम्स असे दोघेजण आले आणि त्यांनी ताहताकाले भागात दुकानं काढली. तिथे लोक बुद्धिबळ खेळायचे, कविता ऐकवायचे, आणि मुख्य म्हणजे दरबारात काय चाललंय त्यावर बोलायचे. तेच नडलं. १६३३ मध्ये सुलतान चौथ्या मुरादने कॉफीखाने बंद करून टाकले. पुढे लंडनमध्येही तेच, दुसऱ्या चार्ल्सने २९ डिसेंबर १६७५ ला फर्मान काढलं की कॉफीची दुकानं बंद करा, तिथे बसून लोक सरकारची बदनामी करतात, आणि इतका ओरडा झाला की ८ जानेवारीला फर्मान मागे. अकरा दिवसही टिकलं नाही. मक्का, इस्तंबूल, लंडन, कारण वरवर वेगवेगळं सांगितलं पण दुखणं एकच, माणसं एकत्र बसतात आणि नशा न करता बोलतात. दारूच्या गुत्त्यातली बडबड सकाळी कोणाला आठवत नाही, कॉफीवरची आठवते.

तुर्कीत नाश्त्याला काहवाल्ती म्हणतात, म्हणजे कॉफीच्या आधी पोटात घालायचं ते. तपकिरी रंगाला म्हणतात काहवेरेंगी. भाषेत एवढी मुरलेली गोष्ट बंदी घालून जाते होय.

लंडन, पॅरिस, व्हिएन्ना यांचा कप मी करत नाही. सतराव्या शतकातल्या लंडनची कॉफी म्हणजे मोठ्या हंड्यात उकळून तासन्‌तास गरम ठेवलेलं पाणी, ते पिण्यात काही गंमत नाही. गोष्ट तेवढी सांगा, की एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानात जहाजवाले बसायचे आणि तिथल्या टेबलांवरून लॉइड्स हा विम्याचा बाजार उभा राहिला. व्हिएन्नाच्या वेढ्यात तुर्कांनी टाकून दिलेल्या कॉफीच्या पोत्यांवर तिथलं पहिलं दुकान निघालं अशी जी गोष्ट आहे ती शेळ्यांच्याच रांगेत बसवा, तिथे कॉफीच्या दुकानाचा परवाना १६८५ ला योहानेस दिओदातो या आर्मेनियन माणसाला मिळाला होता, याची नोंद आहे.

चौथा कप, आणि नकाशात आपण कुठे

एव्हाना फिल्टरमध्ये उतरलेलं असेल. झाकण काढून बघा, डिकॉक्शन काकवीसारखं गडद दिसलं पाहिजे. दूध चांगलं उकळा, पेल्यात एक भाग डिकॉक्शन, तीन भाग दूध, साखर, आणि डबऱ्यातून (पसरट वाटीतून) पेल्यात दोन-तीनदा हातभर उंचीवरून ओता. पहिल्यांदा करणाऱ्याने हे सिंकवर करावं. डिकॉक्शन परत गरम करायचं नाही, कडवट होतं, दूधच कडकडीत पाहिजे.

आता बाबा बुदन. सतराव्या शतकात हे सूफी हाजहून येताना मोख्याहून सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, तो डोंगर आज बाबा बुदनगिरी. सात हा आकडा कोणीतरी पावित्र्यासाठी घातला असेल, मला तसंच वाटतं. पण बाकीची गोष्ट शेळ्यांसारखी हवेतली नाही. कॉफीचं बी उगवण्याची ताकद काही महिनेच टिकते, वर्षभर ठेवलेलं उगवत नाही, आणि नैऋत्येच्या वाऱ्यावर मोख्याहून मलबारला जहाज काही आठवड्यांत पोचायचं. म्हणजे हे होण्यासारखं होतं. आणि झालंही होतं, कारण डचांना १६९६ मध्ये जावाला न्यायला कॉफीची रोपं मिळाली ती मलबार किनाऱ्यावर.

इथे मी नेहमी नकाशा काढतो आणि बोट फिरवून दाखवतो. पहिली रोपं पुरात गेली. १६९९ ला मलबारहून दुसरी नेली, ती जगली. १७०६ ला जावाहून एक झाड ॲम्स्टरडॅमच्या बागेत गेलं. १७१४ ला ॲम्स्टरडॅमने त्याचं एक रोप फ्रान्सच्या राजाला, चौदाव्या लुईला भेट दिलं, ते पॅरिसमधल्या त्याच्या बागेत काचेच्या घरात ठेवलं. १७२० नंतर गाब्रिएल द क्लिओ नावाचा फ्रेंच अधिकारी त्या वंशातलं रोप मार्टिनिक बेटावर घेऊन गेला, वाटेत जहाज वाऱ्याअभावी अडकलं, पाणी मोजून मिळायला लागलं, आणि आपल्या वाट्याचं पाणी मी रोपाला घातलं असं त्याने स्वतः म्हातारपणी पत्रात लिहिलंय, स्वतःच लिहिलंय हे लक्षात ठेवा. १७२७ ला फ्रेंच गयानातून फ्रान्सिस्को द मेलो पाल्हेताने ब्राझीलला नेलं. राज्यपालाच्या बायकोने गुच्छात लपवून बिया दिल्या म्हणे. तर हे सगळं बोट फिरवत मागे आणलं की ते येऊन थांबतं मलबारला. दार्जिलिंगच्या चहाचं कौतुक आपण करतो, पण जगातल्या केवढ्या कॉफीचं कूळ आपल्या किनाऱ्यावरून गेलंय हे शाळेत कधी कोणी सांगितलं नाही.

यातला गोड भाग इथे संपतो आणि हे न सांगता कप संपवू नये असं माझं मत आहे. कॅरिबियन बेटांवर आणि ब्राझीलमध्ये कॉफी वाढली ती आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या जिवावर. सेंट डोमिंग, म्हणजे आजचं हैती, तिथून १७८० च्या दशकाच्या शेवटी जगातली सुमारे निम्मी कॉफी येत होती, १७९१ ला तिथल्या गुलामांनी बंड केलं आणि स्वातंत्र्य मिळवलं. ब्राझीलने गुलामी बंद केली १८८८ ला. इंग्लंड-फ्रान्समध्ये कॉफी पीत स्वातंत्र्यावर भाषणं झाली, ती कॉफी अशी पिकलेली होती.

आणखी एक. एकाच झाडाची पिल्लं जगभर लावली की रोग आला तर सगळी एकदम झोपतात. १८६९ मध्ये लंकेत कॉफीच्या पानांवर तांबेरा आला, नारिंगी पूड धरल्यासारखी, आणि वीसेक वर्षांत तिथले कॉफीचे मळे जाऊन चहाचे झाले. लंकेचा चहा प्रसिद्ध झाला तो असा. जावातही अरेबिका गेली आणि तांबेरा सोसणारी रोबस्टा ही दुसरी जात आली. आज आपल्याकडे पिकणाऱ्या कॉफीतही साधारण ७० टक्के रोबस्टाच असते. ती जास्त कडू, जास्त कॅफीनवाली, दुधात टिकते, त्यामुळे फिल्टर कॉफीला थोडी रोबस्टा असलेली पावडर मला तरी नुसत्या अरेबिकापेक्षा बरी लागते. कॉफीतले जाणकार नाक मुरडतील, मुरडू देत.

चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ, कॉफीचा आणि त्याचा काही संबंध नाही. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्रजांच्या व्यापाराची नाकेबंदी केली, युरोपात कॉफी मिळेना, तेव्हा फ्रेंचांमध्ये ही मुळं भाजून कॉफीत घालायची पद्धत फार वाढली, आणि ती सवय पुढे पसरली. आता आपल्याकडे गुजरातेत पिकते. डिकॉक्शन दाट आणि काळं दिसतं ते तिच्यामुळे. २० टक्क्यांवर नको, ४० टक्केवाली स्वस्त पावडर म्हणजे गुळाचं पाणी.

पाचवा कप, जायफळाचा

हा कप मराठी घरातला, आणि माझ्या मते सगळ्यात कमी मान मिळालेला. चार कपांना दोन कप पाणी, साखर घालून उकळवा, त्यात भाजून दळलेली कॉफी तीन चहाचे चमचे, उरली नसेल तर फिल्टरची पावडर घ्या, झाकण ठेवून गॅस बंद करा. तीन मिनिटांनी गाळून त्यात दोन कप उकळतं दूध. जायफळ बारीक किसणीवर फक्त पाच-सहा वेळा घासायचं, सहाणेवर उगाळलंत तर चार वेढे, आणि दोन वेलदोडे कुटून. जायफळ शेवटी, उकळताना नाही. जास्त झालं तर औषध लागतं.

अभ्यासाला जागताना आई ही कॉफी करून द्यायची, झोप उडायला कॉफी आणि त्यातच बाळाला झोपवायला उगाळून देतात ते जायफळ. यावर आमच्या घरात तीस वर्षं वाद आहे, मिटलेला नाही.

पण नकाशावर परत बोट ठेवा. जायफळ मूळचं बांदा बेटांवरचं, आजच्या इंडोनेशियातलं, आणि आपल्याकडे डचांच्या कितीतरी शतकं आधीपासून येत होतं. त्या बेटांवर ताबा मिळवायला डच कंपनीने १६२१ मध्ये तिथली माणसं मारून, हाकलून जवळजवळ संपवली. पाऊणशे वर्षांनी त्याच कंपनीने मलबारहून कॉफी जावाला नेली. तिकडचं जायफळ इकडे आणि इकडची कॉफी तिकडे, आणि दोन्ही एकत्र आली ती आजीच्या पितळी पातेल्यात.

मुंबईत चर्चगेटला १९३६ मध्ये पहिलं इंडिया कॉफी हाऊस निघालं, मंदीत मळेवाल्यांची कॉफी पडून होती म्हणून लोकांना सवय लावायला कॉफी सेस कमिटीने काढलेलं. तिकडे ब्राझीलने १९३१ पासून कोट्यवधी पोती कॉफी जाळून टाकली, भाव सांभाळायला, आणि त्या शिल्लक मालाचं करायचं काय यातून १९३८ ला नेसकॅफे बाजारात आली. म्हणजे आपण वाटीत साखर आणि दोन थेंब पाणी घालून मनगट दुखेपर्यंत फेटायचो ती कॉफीही मंदीतलीच. तिचा कप हवा असेल तर सहावा करा, मी थांबतो, कारण मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं म्हणतात आणि हे पाच छोटे कप मिळून त्याच्या आसपास जातात. म्हणून कप छोटेच घ्या, पूर्ण संपवलाच पाहिजे असं नाही. गरोदर बाईने हा सगळा कार्यक्रम नुसता वास घेऊन करावा, तिची मर्यादा निम्मी.

आवरताना चोथा सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. वर्तमानपत्रावर वाळवून कुंड्यांत थोडा थोडा घाला. फिल्टर साबणाने घासायचा नाही, नुसत्या गरम पाण्याने. आणि पुढच्या वेळी थेंब पडायला फार वेळ लागला तर भोकं बुजलीत समजा, वरचं भांडं कोरडं करून चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर मिनिटभर फिरवा, अडकलेले कण जळून टपटप पडतात, मग ओट्यावर आपटून झटका. उजेडाकडे धरून बघा, सगळी भोकं दिसली पाहिजेत.